बेसिन तुंबले? ट्रॅप उघडून धुवा



गटात फिरताना आम्ही पाहतो, बेसिन तुंबले की लोक ॲसिड ओततात. ते उडून डोळ्याला इजा होते, वापरू नका. ओतलेच असेल तर ट्रॅप स्वतः उघडू नका.

ठिबकचा फिल्टर आपण धुतो, तसेच हे काम. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा, केस-गाळ धुवा. रबरी वायसर चिरला असल्यास बदला. वाटी हातानेच आवळा. पान्याने जोर केल्यास आटे जातात. बेसिन भरून पाणी एकदम सोडा आणि सांध्यावर कोरडा कागद फिरवून गळती बघा.

ट्रॅपमधल्या पाण्यामुळेच गटाराचा वास घरात येत नाही. म्हणून ट्रॅप काढून सरळ पाईप कधीच जोडू नये.

— ऊस विकास अधिकारी