कमावलेली आशा

आशा ही मनुष्याच्या अंतःकरणात उपजतच असते, संकटांचे आघात सोसून सोसून ती झिजत जाते आणि अखेरीस तिच्या जागी निराशा ठाण मांडून बसते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती इतकी जुनी व इतक्या शहाण्या लोकांनी बाळगलेली आहे की, तिची एकदा झडती घ्यावी असे फारसे कोणास वाटले नाही. मानसशास्त्रानेही ही समजूत, थोडी परिभाषेची वस्त्रे चढवून, दीर्घकाळ ग्राह्य धरली होती. ज्या दोन संशोधकांनी तिला प्रयोगशाळेचा दाखला मिळवून दिला, त्याच दोघांनी सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ साली, आपला निकाल आपणच फिरविला. शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीच्या पायाचा दगड स्वहस्ते काढून तपासावा, ही गोष्ट विरळा. आणि ज्यांचे दिवस सध्या कठीण चालले आहेत त्यांच्याशी या फेरतपासणीचा निकटचा संबंध असल्यामुळे ती हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६७च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन व स्टीव्हन मायर या दोन तरुण अभ्यासकांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले, ते आजच्या नियमांच्या कसोटीस क्वचितच उतरले असते, आणि त्यांचे वर्णन वाचताना आजही जीव कळवळतो, हे आधीच नमूद केलेले बरे. कुत्र्यांचे तीन गट केलेले होते. पहिल्या गटातील कुत्र्यांना झोळीत अडकवून विजेचे धक्के दिले जात, पण डोक्याजवळची फळी डोक्याने दाबली की धक्का थांबत असे. दुसऱ्या गटाला तेवढेच धक्के बसत, परंतु त्या जनावरांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. तिसऱ्या गटाला धक्के नव्हतेच. पुढे या सर्वांना अशा एका पेटीत सोडण्यात आले की, जिच्या मधोमध असलेला बुटका अडसर ओलांडला म्हणजे धक्क्यापासून सुटका होत असे. पहिल्या व तिसऱ्या गटांतील कुत्री उडी मारावयास लवकरच शिकली. दुसऱ्या गटातील बहुतेक मात्र कण्हत एका जागी पडून राहिली. पहिल्या दोन गटांच्या वाट्यास वेदना सारखीच आली होती. भेद होता तो एवढाच, की एकाला आपल्या करणीचे फळ मिळताना दिसले होते व दुसऱ्याला दिसले नव्हते. या दुसऱ्यांच्या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ असे नाव पडले, आणि ते नाव पुढे औदासीन्याच्या विकारापासून दारिद्र्याच्या मीमांसेपर्यंत सर्वत्र हिंडले.

या प्रयोगांचा जो भाग फारसा प्रसिद्धीस आला नाही, तो मला अधिक मोलाचा वाटतो. पडून राहिलेल्या कुत्र्यांना उठविण्यासाठी संशोधकांनी नाना उपाय केले: अडसर काढून टाकला, पलीकडून हाका मारल्या, खाण्याचे आमिष दाखविले, पण मोकळी वाट डोळ्यांपुढे असूनही ती जागची हलेनात. शेवटी गळ्यात पट्टा अडकवून त्यांना पलीकडच्या बाजूस अक्षरशः ओढत नेण्यात आले, आणि हे एकदा-दोनदा नव्हे, तर पुनःपुन्हा करावे लागले. आरंभी अंगाचा सगळा भार मागे टाकणारे जनावर हळूहळू कमी ओढ घेऊ लागे, आणि काही काळाने पट्ट्यावाचून आपण होऊन उडी मारी. हा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. उपदेशाने, प्रलोभनाने वा नुसत्या मोकळ्या वाटेने जे साधले नाही, ते पायांना प्रत्यक्ष घडलेल्या कृतीने साधले. शिवाय असेही दिसून आले की, ज्या कुत्र्यांना सुरुवातीलाच धक्का थांबविण्याचा अनुभव मिळाला होता, ती पुढे न टळणारे धक्के बसूनही असहाय होत नसत. जणू त्यांना आधीच देवी टोचलेली होती.

मायर यांनी पुढे कोलोरॅडो विद्यापीठात उंदरांच्या मेंदूचा अभ्यास हाती घेतला आणि तेथे या प्रकरणाचा खरा उलगडा झाला. मेंदूच्या देठात ‘डॉर्सल राफे’ नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. सेरोटोनिन हे द्रव्य मेंदूच्या अनेक भागांना येथून पोचते. त्रास दीर्घकाळ चालू राहिला की हा पुंजका उद्दीपित होतो, भय वाढवितो आणि हालचाल खुंटवितो. ही प्रतिक्रिया जनावराला शिकावी लागत नाही. ती मूळचीच आहे. याउलट, ‘मी अमुक केले म्हणून त्रास थांबला’ हा संबंध कपाळामागे असलेल्या मेंदूच्या पुढच्या भागास उमगतो, आणि तो भाग खालच्या त्या पुंजक्याला गप्प बसण्याचा हुकूम पाठवितो. मायर यांच्या चमूने २००५ साली दाखवून दिले की, हा पुढचा भाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला तर त्रास थांबविण्याचे साधन हाती असलेला उंदीरही असहायासारखाच वागतो. अर्थात असहायता शिकलेली नसून शिकावी लागते ती सत्ता, म्हणजे आपल्या करणीने काही घडते ही जाणीव; आणि मूळचे वाक्य आपण उलटे वाचले होते, असे त्या दोघांनी २०१६च्या निबंधात मोकळेपणाने लिहिले. आशेला शृंखला म्हणणारा आपला सुभाषितकार, तिने बांधलेले धावतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळे होतात याचे आश्चर्य करीत होता. पेनसिल्व्हेनियातील ती पेटी पाहून त्याला फारसे नवल वाटले नसते.

उंदीर आणि मनुष्य यांच्यामध्ये अंतर मोठे आहे, आणि एका प्राण्याच्या पेशींवरून दुसऱ्याच्या अंतःकरणाची कैफियत लिहिताना हात आखडता ठेवणे इष्ट. तरी कॅन्सस विद्यापीठातील सी. आर. स्नायडर यांनी १९९१ साली, माणसांशी बोलून, त्यांना प्रश्नावल्या भरावयास देऊन, अगदी स्वतंत्र वाटेने जी व्याख्या केली ती याच दिशेची निघावी, हे लक्षणीय आहे. त्यांच्या मते आशेचे अंश दोन: इष्ट स्थळी जाण्याच्या वाटा सुचणे, आणि त्या वाटांनी आपण चालू शकू असे वाटणे. सर्व काही आपोआप ठीक होईल हा भरवसा त्यांनी या हिशेबात धरलेलाच नाही. तो आशावाद, आणि त्याचे खाते निराळे.

या दोन खात्यांतील फरक पाहावयाचा तर चिलीच्या आटाकामा वाळवंटातील सान होसे या तांब्या-सोन्याच्या खाणीत उतरावे. ५ ऑगस्ट २०१० रोजी ती खाण खचली आणि ३३ कामगार सुमारे ७०० मीटर खोल अडकले. प्रथम त्यांनी वायुवीजनाच्या विहिरीतून वर चढून पाहिले, पण शिडी अपुरी निघाली. मग टायर जाळून धुराने खूण करण्याचा प्रयत्न झाला. एक वाट बंद झाली की दुसरी शोधावयाची, हे पहिल्या काही तासांतच सुरू झाले होते. आश्रयाच्या खोलीतील शिधा थोड्या माणसांना दोन दिवस पुरेल इतकाच होता. तो त्यांनी ट्यूना माशाचे दोन चमचे, दुधाचा घोट आणि बिस्किटाचा तुकडा असा प्रत्येकी ४८ तासांनी वाटून १७ दिवस पुरविला. पाळीप्रमुख लुइस उर्सुआ मोजणीच्या कामातला जाणकार होता; त्याने बोगद्यांचे नकाशे काढले, कामे वाटून दिली, आणि महत्त्वाचे निर्णय बहुमताने घेण्याचा शिरस्ता घातला. वरून कोणी शोधीत आहे की नाही याची खात्री नसताना हे सारे चालले होते. २२ ऑगस्टला छिद्र पाडणाऱ्या शोधक यंत्राचे टोक त्यांच्याजवळ पोचले, तेव्हा त्यांनी ते ठोकले, रंगविले, आणि आपण सर्वजण सुखरूप असल्याची चिठ्ठी त्याला बांधून वर पाठविली.

संपर्क झाल्यावर सुटकेला नाताळपर्यंतचा काळ लागेल असा अंदाज जाहीर करण्यात आला. मुदतीला बांधलेली आशा किती घातक ठरते, याची एक भयंकर साक्ष व्हिक्टर फ्रांकल यांनी नाझी छळछावण्यांतून परत आल्यावर नोंदविली आहे. १९४४चा नाताळ आणि १९४५चे नववर्ष यांच्या दरम्यान छावणीतील मृत्यूंची संख्या एकाएकी वाढली, आणि छावणीतील वैद्याच्या मते त्याचे कारण अन्न किंवा काम यांत नसून, सणापर्यंत घरी पोचू ही कैद्यांची भाबडी कल्पना कोसळली यात होते. फ्रांकल यांच्या एका सोबत्याला ३० मार्चला मुक्तता होईल असे स्वप्न पडले होते. २९ला तो तापाने पडला व ३१ला टायफसने गेला. ही साक्ष आहे, प्रयोग नव्हे, आणि टायफसला स्वप्नांची गरज नसते. तरी ती साक्ष देणारा माणूस स्वतः वैद्य होता, हे विसरता येत नाही.

चिलीत तारखेचा जप न करता कामाची तरतूद करण्यात आली. अमेरिकेच्या नासा संस्थेने दोन वैद्य, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक अभियंता सल्ल्यासाठी धाडले. कामगार तीन गटांत पाळ्या करू लागले. दिव्यांच्या साहाय्याने रात्र आणि दिवस यांचा भेद कायम ठेवण्यात आला. सुटकेसाठी एकाऐवजी तीन छिद्रे तीन यंत्रांनी एकाच वेळी खणली जात होती, आणि दुसऱ्या योजनेतील छिद्र रुंद करताना त्यातून खाली पडणारा दगडगोटा उपसण्याचे काम खुद्द अडकलेल्या माणसांकडे होते. स्वतःच्या सुटकेची वाट मोकळी करण्यात त्यांचाही हात होता. ९ ऑक्टोबरला ते छिद्र पार झाले, नाताळला अडीच महिने बाकी असताना. १३ ऑक्टोबरला, ६९व्या दिवशी, ‘फेनिक्स’ नावाच्या अरुंद पिंजऱ्यातून सर्वजण एकेक करून वर आले, आणि सर्वांत शेवटी उर्सुआ.

यापुढचा भाग सुटकेइतका गाजला नाही. त्या कामगारांना देशोदेशी नेण्यात आले, सत्कार झाले, मुलाखती झाल्या. आणि ती गर्दी ओसरल्यावर त्यांपैकी पुष्कळांना रात्री झोप येईनाशी झाली, दचकून उठण्याचा विकार जडला, आणि खाण बंद पडलेली असल्यामुळे स्थिर कामधंदा मिळणेही अनेकांना दुरापास्त झाले.