सुरतेहून मक्केस : दोन सचित्र ग्रंथ

सुरत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोनच वर्षे उभी राहतात. परंतु मोगल अमदानीत हीच सुरत 'मक्केचे द्वार' म्हणून ओळखली जाई, याचा उल्लेख आमच्या वर्गांत क्वचितच होतो. १६७० च्या स्वारीत काशगरच्या ज्या पदच्युत राजाची संपत्ती मराठ्यांच्या हाती लागली, तो हजहून नुकताच परतला होता. हा तपशील आम्ही वाचतो व पुढे जातो. तो काय पाहून आला, हे विचारीत नाही. गुजरातशी संबंध असलेले दोन फारसी ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी व चित्रांनी देतात.

पहिला मुहियुद्दीन लारी याचा 'फुतूह-उल्-हरमैन'. सोळाव्या शतकाच्या आरंभीचे हे काव्य गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा यास अर्पण केलेले आहे. इहरामची बिनशिवलेली वस्त्रे, काबागृहाभोवती सात फेरे, सफा व मरवा या टेकड्यांमधील सात येरझारा, जिल्हेज महिन्याच्या नवव्या दिवशी अरफातच्या मैदानावरील प्रार्थना, असे विधी त्यात सांगितले आहेत. त्याच्या सचित्र प्रतींत मसजिदीचे प्रांगण वरून पाहावे तसे, तर कमानी व मिनार समोरून पाहावेत तसे काढलेले असतात. हे यथार्थदर्शनाचे अज्ञान आहे असे प्रथम वाटते. पण ते तसे नव्हे. चित्रकाराला देखावा दाखवावयाचा नसून स्थाने ओळखवून द्यावयाची आहेत, आणि दरवाजा समोरूनच ओळखू येतो. प्रांगणात मनुष्याकृती सहसा नसते. ती रिकामी जागा जणू वाचकासाठीच राखलेली असते.

दुसरा ग्रंथ 'अनीस-उल्-हुज्जाज', म्हणजे यात्रेकरूंचा सोबती. औरंगजेबाची कन्या जेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली कझवीनी याने १६७६-७७ मध्ये, सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर अवघ्या सहा-सात वर्षांनी, ही यात्रा केली. येथे अनुभव बोलतो. जहाज, अन्नसामग्री, प्रवासातील सावधगिरी यांविषयी तो व्यवहारी सल्ला देतो. लंडनच्या खलीली संग्रहातील सचित्र प्रत बहुधा गुजरातेतच तयार झाली असावी. तीत बंदरे आहेत, माणसांनी भरलेली जहाजे आहेत, तंबूंची दाटी आहे. लारीच्या ग्रंथातील मोकळे प्रांगण येथे माणसांनी गजबजले आहे. वारीच्या वाटेवर चाललेल्यास ही गर्दी परकी वाटणार नाही.

मक्केत मुसलमानेतरांस प्रवेश नाही. आणि हज हे कर्तव्य ज्याला सामर्थ्य आहे त्याच्यावरच असल्याने असंख्य मुसलमानांनाही ती भूमी पाहावयास मिळत नाही. दोघांनाही हीच चित्रे दर्शन घडवितात. सुरतेची कथा शिकविताना तटाबाहेरील घोडेस्वारांबरोबर बंदरातील ही यात्रेकरूंची जहाजेही विद्यार्थ्यांस दाखवावीत, एवढीच आमची शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे. त्याने आपल्या इतिहासाचे तेज कमी होणार नाही. त्यातील माणसे मात्र अधिक दिसू लागतील.