होडी निघाली रस्त्याने!

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांतून ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या गाड्या दिसू लागतात. पुढे कारखान्याच्या परिसरात याच गाड्या उसाच्या मोळ्यांनी भरतात. गाडीवान मोळ्या कशा रचतो, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? तो काही मोळ्या आखाच्या पुढे टाकतो, काही मागे टाकतो. मधूनच जू हाताने उचलून पाहतो आणि एखादी मोळी पुढे सरकवतो. भार मागे जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. भार पुढे जास्त झाला तर सारे ओझे मानेवर येते आणि मान सोलवटते. दोन्ही टाळून जुवावर थोडासाच भार ठेवायचा, हे गाडीवानाचे कसब आहे.

विद्यार्थिमित्रहो, हेच कसब आज आपण एका निराळ्याच कामासाठी वापरणार आहोत. आपल्याला एक शिडाची होडी रस्त्याने न्यायची आहे!

बीडपासून समुद्र सुमारे तीनशे किलोमीटर दूर. मग इथे शिडाची होडी कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण शिडाला समुद्र लागत नाही. वारा आणि मोकळे पाणी एवढेच लागते. सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याची भिंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. धरण भरले की तिच्यामागे केवढे विस्तीर्ण पाणी पसरते! समजा, तुमच्या बीडच्या शाळेला एक जुनी होडी भेट मिळाली आहे आणि रीतसर परवानगी काढून ती माजलगावच्या जलाशयावर न्यायची आहे. अंतर पन्नासएक किलोमीटर. गावात पाण्याच्या टाकीची एक जुनी दोनचाकी ट्रॉली पडून आहे. टाकी गंजून गेली, पण सांगाडा चांगला आहे. टाकी काढून होडी ठेवली, दोरीने बांधली की झाले, नाही का?

नाही! असे केले तर माजलगावला पोहोचेपर्यंत होडीचा तळ फुटलेला असेल. का, ते पाहू या.

पाणी कसे धरते?

आपली होडी ‘एंटरप्राइज’ जातीची आहे असे धरू. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ साली ती आखली. भारतातही नौकानयन शिकवण्यासाठी ती वापरली जाते. लांबी सुमारे ४ मीटर, रुंदी सुमारे १.६ मीटर आणि नुसत्या होडीचे वजन सुमारे ९४ किलोग्रॅम. डोलकाठी, शिडे, सुकाणू वगैरे धरून आपण १२० किलोग्रॅम मानू.

आर्किमिडीजचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. म्हणजे ही रिकामी होडी १२० लिटर पाणी बाजूला सारणार. तिच्या तळाचा पाण्याला टेकलेला भाग सुमारे २.४ चौरस मीटर, म्हणजे २४,००० चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरवर भार आला फक्त ५ ग्रॅम! पाणी होडीला एकाच जागी टेकू देत नाही. ते तिच्या वळणावळणाशी जुळवून घेते आणि सगळीकडून थोडे थोडे उचलून धरते. म्हणून तर पातळ फळीची होडीही पाण्यावर टिकते.

आता तीच होडी ट्रॉलीच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवा. तळ वक्र आणि पट्ट्या सरळ. त्यामुळे ती फार तर चार जागी टेकेल. प्रत्येक जागी १५ चौरस सेंटीमीटर धरले तरी एकूण ६० चौरस सेंटीमीटर झाले. १२० किलोग्रॅम भागिले ६०, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर २ किलोग्रॅम. पाण्यातल्यापेक्षा चारशे पट! आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटली की भार आणखी वाढणार.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या एका पातळ पिशवीत पाणी भरा, हवा राहू न देता तोंड बांधा. ही पिशवी बादलीतल्या पाण्यात सोडा. ती कुठेही ताणली जात नाही. आता तीच पिशवी दोन पट्ट्यांवर आडवी ठेवा. मधला भाग लोंबतो आणि पट्ट्या तिच्यात रुततात. शेवटी घडी घातलेल्या टॉवेलात खळगा करून त्यात पिशवी ठेवा. ती पुन्हा निवांत बसते. ट्रॉलीवर आपल्याला असाच खळगा करायचा आहे.

कोकणातले कोळी हे पिढ्यान् पिढ्या जाणतात. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून घेतात तेव्हा ती नुसती वाळूत टाकत नाहीत. कण्याखाली ओंडके घालतात आणि दोन्ही कुशींना टेकू देतात. १४५३ साली तुर्की सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात सत्तरएक जहाजे डोंगरावरून पलीकडच्या खाडीत नेली. चरबी लावलेल्या लाकडी वाटेवरून ती ओढली गेली. तेव्हाही जहाजे लाकडी बैठकींत बसवून टेकू लावलेली होती.

होडीची बैठक

होडीचा कणा, म्हणजे तळाच्या मध्यावरून जाणारे जाड लाकूड, सर्वांत बळकट. म्हणून मुख्य भार कण्यावर घ्यायचा. ट्रॉलीच्या मध्यरेषेवर एक लांब लाकडी तुळई बसवा आणि तिच्यावर रबराचा जाड थर द्या. जुन्या टायरच्या ट्यूबा कापून हे काम छान होते. एंटरप्राइजच्या मध्यावर वरखाली होणारी एक फळी असते. ती पूर्ण वर घेऊन बांधून टाका.

नुसत्या कण्यावर होडी कलंडेल. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लांब फळी हवी. तिची वरची कड होडीच्या वळणाप्रमाणे कापायची. हे वळण कसे मिळवायचे? जाड पुठ्ठा होडीच्या तळाशी आडवा धरा. जिथे टेकतो तिथे थोडा थोडा कापत जा. पुठ्ठा सगळीकडे सारखा चिकटला की तोच तुमचा साचा. होडीच्या आत जिथे आडव्या फासळ्या आहेत, नेमक्या त्याखाली टेकू यायला हवेत. दोन फासळ्यांमधल्या पातळ भागावर टेकू दिलात तर तिथे खळगा पडेल.

अशी बैठक होडीला ३,००० चौरस सेंटीमीटरवर टेकली, तर भार दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्रॅम होतो. पाण्याची बरोबरी नाही, पण चार टोकांपेक्षा पन्नासपट बरे!

एक काळजी मात्र घ्या. रबर आणि होडी यांच्यामध्ये वाळू राहू देऊ नका. पन्नास किलोमीटरच्या हादऱ्यांत वाळू पॉलिशकागदाचे काम करते.

जास्त बळकट म्हणजे जास्त चांगले?

टाकीत २,००० लिटर पाणी राहत असे. म्हणजे ट्रॉलीच्या कमानपाट्यांवर दोन टनांचा भार येत असे. समजा, त्या भाराने पाटे ८ सेंटीमीटर दबत होते. हूकच्या नियमाप्रमाणे दाब आणि भार समप्रमाणात असतात. मग १२० किलोग्रॅमने ते किती दबतील? ८ × १२० ÷ २,००० = ०.४८, म्हणजे जेमतेम अर्धा सेंटीमीटर!

याचा अर्थ असा, की होडीच्या दृष्टीने या कमानी नाहीतच. प्रत्येक खड्ड्याचा धक्का सरळ तळाला बसणार. रिकामी ट्रॉली भरलेलीपेक्षा जास्त उडते, हे तुम्ही पाहिलेच असेल. उपाय म्हणजे जाणत्या कारागिराकडून काही पाटे काढून घ्यायचे. मात्र पाटे काढल्यावर त्या ट्रॉलीवर पुन्हा दोन टन लादायचे नाहीत. ट्रॉलीवर तसे ठळक अक्षरांत लिहूनच ठेवावे.

पुन्हा गाडीवानाकडे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. होडी पुढे सरकवायची की मागे?

ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली सावकाश जाते. पण जीप तीच ट्रॉली ताशी पन्नास किलोमीटरने नेईल आणि इथे खरा धोका आहे. भार आखाच्या मागे असेल तर ट्रॉली उलाळ होते आणि जीपची मागची बाजू उचलू पाहते. शिवाय वाऱ्याचा किंवा खड्ड्याचा आडवा धक्का बसला, की मागचा जड भाग शेपटीसारखा झुलू लागतो. वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रॉली जीपसह उलटू शकते. यात माणसे दगावतात. बॅडमिंटनचे फूल आठवा. ते कसेही फेकले तरी जड बूच पुढे करून सरळ जाते. ट्रॉलीचेही जड अंग पुढेच हवे. पण फार पुढेही नको, नाहीतर जीपची पुढची चाके हलकी पडून सुकाणूचक्राला नीट दाद देत नाहीत. साधारणपणे एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार जोडणीवर असावा.

आता हिशेब करू. चार मीटरच्या होडीसाठी ट्रॉलीची दांडी आखूड पडते. वळताना होडीचे नाक जीपवर आदळेल. म्हणून दांडी लांबवून आखापासून जोडणीपर्यंतचे अंतर ४ मीटर केले. समजा, सांगाड्याचे वजन ३८० किलोग्रॅम आहे. होडी धरून एकूण ५००. जोडणीवर आपल्याला ३० किलोग्रॅम, म्हणजे ६ टक्के भार हवा. रिकाम्या सांगाड्याची दांडी वजनकाट्यावर टेकवून पाहिली तर १५ किलोग्रॅम भरले. उरलेले १५ होडीने द्यायचे.

तरफेचा नियम सांगतो:

१२० × होडीच्या गुरुत्वमध्याचे आखापासून अंतर = १५ × ४

म्हणून अंतर = ६० ÷ १२० = अर्धा मीटर.

होडीचा गुरुत्वमध्य आखाच्या अर्धा मीटर पुढे यायला हवा. तो शोधायचा कसा? हिरवळीवर एक जाड गोल पाइप ठेवा आणि त्यावर होडी आडवी तोलून पाहा. जिथे ती दोन्हीकडे झुकत नाही, तिथे कडेला खडूने खूण करा. डोलकाठी, सुकाणू, शिडे प्रवासात जिथे असतील तिथेच ठेवून तोला, नाहीतर खूण चुकेल. होडी बैठकीवर चढवल्यावर जोडणीखाली वजनकाटा ठेवून ३० किलोग्रॅमची खात्री करून घ्या. गाडीवान जू उचलून पाहतो, तेच हे. मात्र वजन करताना ट्रॉली सपाट जमिनीवर आणि दांडी आडव्या पातळीत हवी.

निघण्यापूर्वी

वेल्डिंग आणि दांडी लांबवणे ही कामे मोठ्यांनी, जाणत्या कारखान्यातच करून घ्यावीत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉली हेही वाहनच आहे. तिच्या रचनेत बदल करायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. जुने टायर भेगाळलेले असतील तर बदला. मागे दिवे आणि लाल परावर्तक लावा. डोलकाठी होडीपेक्षा लांब असते, तिच्या टोकाला लाल कापड बांधा.

होडी पट्ट्यांनी बांधताना जोर लावून आवळू नका. पट्टा जितका आवळाल तितका तळावरचा भार तुम्हीच वाढवाल. होडी वर उडू नये आणि पुढे-मागे सरकू नये, एवढेच बघा. पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासा.

माजलगावला पोहोचलात, की लगेच ट्रॉली पाण्यात ढकलू नका! प्रवासात चाकांच्या तुंब्यातले बेअरिंग तापलेले असते. ते पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. वंगण बिघडते, गंज चढतो आणि परतीच्या वाटेवर चाक अडकते. ट्रॉली काठावरच ठेवून होडी हाताने नेणे सर्वांत उत्तम. डोलकाठी वगैरे काढून ठेवली, तर आठ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला बारा किलोग्रॅमही येत नाहीत.

मग जीवरक्षक जाकिटे चढवा. प्रशिक्षक असल्याशिवाय पाण्यात जाऊ नका आणि धरणाच्या दरवाजांपासून दूर राहा. होडी ट्रॉलीवरून पाण्यात उतरेल त्या क्षणी नीट बघा. इतके लाकूड, रबर आणि गणित खर्चून आपण जे काम कसेबसे केले, ते पाणी किती सहजपणे करते!

विचार करा

१. याच ट्रॉलीवर १५० किलोग्रॅमची होडी न्यायची असेल आणि जोडणीवर ३० किलोग्रॅमच भार हवा असेल, तर गुरुत्वमध्य आखाच्या किती पुढे ठेवाल?

२. पावसाळ्यात होडी उघड्यावर ट्रॉलीवरच ठेवली आणि तिच्यात १० सेंटीमीटर पाणी साचले, तर तळावरच्या भाराचे काय होईल?

३. तुमच्या गावातल्या गाडीवानाला विचारा: चढ चढताना आणि उतार उतरताना जुवावरचा भार कसा बदलतो? त्याचे उत्तर आकृती काढून पडताळून पाहा.