एकच फेरी, दोन आकडे!

दोस्तांनो, बाबा सकाळी फिरून आले, की कधी कधी मोठी गंमत होते. मनगटावरचं घड्याळ म्हणतं ५.२ किलोमीटर आणि मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं ५! मग खरं कोण?

खरं तर रस्ता टेप लावून कोणीच मोजलेला नसतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या संदेशांवरून घड्याळ आपली जागा पुन्हा पुन्हा ठरवतं आणि ते ठिपके जोडत जातं. ठिपका काही मीटर इकडेतिकडे पडतोच. उंच इमारती, दाट झाडी असली, की जास्तच! मग सरळ रस्ताही नागमोडी होतो नि अंतर वाढतं.

घड्याळाने हे ठिपके अ‍ॅपकडे धाडले, की काही अ‍ॅप ते आपल्या पद्धतीने चाळून नव्याने हिशेब करतात. सिग्नलपाशी थांबलेली दोन मिनिटं एक धरतं, दुसरं वगळतं. म्हणून वेगही बदलतो.

पावलांचंही तसंच. ती शरीराच्या हालचालीवरून मोजली जातात. फोन टेबलावर ठेवून तुम्ही घरभर नाचलात, तरी फोनच्या लेखी शून्य पावलं!

तेव्हा मैत्रिणीचा आकडा मोठा दिसला म्हणून हिरमुसू नका. काल-आजची तुलना नेहमी एकाच यंत्रावर करा, बरं का!

आता एक प्रयोग. १०० पावलं मोठ्याने मोजत चाला. यंत्राने किती मोजली? आईबाबांनाही चालायला लावा आणि तिघांचे आकडे वहीत लिहा.