भिगवणच्या दुखण्याची मोजदाद

सोलापूरहून पुण्याला जाताना उजनीचं पाणी उजव्या हाताला दिसू लागलं की भिगवण जवळ आलं म्हणायचं. मासळीचा बाजार आणि हिवाळ्यातले रोहित पक्षी ही या गावाची नेहमीची ओळख. संधिवाताच्या जगभरच्या अभ्यासकांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे.

1996 साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी इथे घरोघरी जाऊन सांधे, स्नायू आणि हाडांच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी 1981 मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. गरीब देशांतल्या खेड्यांत, कमी खर्चात, तपासणीच्या महागड्या यंत्रांवाचून दुखणं कसं मोजायचं, याची ती पद्धत. आधी प्रशिक्षित स्वयंसेवक दारात जाऊन विचारणार, मग दुखणं असलेल्यांची सविस्तर माहिती घेणार आणि शेवटी डॉक्टर तपासणार. चोप्रांच्या चमूने हे तिन्ही टप्पे एकापाठोपाठ एक न रेंगाळवता एकाच वेळी चालवले आणि काम पाच आठवड्यांत उरकलं. पुढे हाच ‘भिगवण नमुना’ म्हणून इतर ठिकाणी वापरला गेला.

सहा हजारांवर वस्तीच्या या गावात 4,092 प्रौढांची माहिती मिळाली. त्यांतल्या 18.2 टक्के लोकांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. गुडघे आणि कंबर यांचा नंबर वरचा. आमवात (रुमॅटॉइड) निघाला जेमतेम अर्धा टक्का. पण दुखतंय हे खरं आणि पुस्तकातल्या कुठल्याच आजाराच्या चौकटीत बसत नाही, अशी माणसं पुष्कळ. मला विचाराल तर भिगवणची सगळ्यात मोलाची नोंद हीच. एरवी असल्या माणसाला ‘काही नाही, वयामुळे होतं’ म्हणून वाटेला लावतात. इथे त्याचंही दुखणं आकड्यात आलं.

दुखणं विचारायची रीतही पाहण्यासारखी. माणसाच्या शरीराचं चित्र समोर ठेवायचं आणि कुठं दुखतं ते त्यावर दाखवायला सांगायचं. अक्षर येवो न येवो, बोट तर सगळ्यांनाच ठेवता येतं. संधिवाताने रोजचं जगणं किती अडतं हे मोजणारी अमेरिकन प्रश्नावली टबमध्ये अंघोळ करता येते का, मांस कापता येतं का, असं विचारते. इंदापूर-करमाळ्याकडच्या बाईला हे विचारून काय हाती लागणार? चोप्रांच्या संधिवात केंद्राने त्या प्रश्नावलीला भारतीय वळण दिलं. उकिडवं बसणं, मांडी घालणं हे प्रश्न त्यात आले. ज्या घरात भाकरी चुलीपुढे बसूनच थापायची, तिथे गुडघा किती गेला ते मांडीवरूनच कळतं.

2006 मध्ये चिकनगुनियाची साथ आली. गावंच्या गावं आखडून बसली. चोप्रांनी तेव्हाही एक खेडं धरलं, 509 रुग्ण दोन वर्षं सोडले नाहीत. वर्षभराने दुखणं मागे राहिलेले सुमारे चार टक्के, दोन वर्षांनी दोन टक्क्यांहून कमी. साथीत क्लोरोक्विन सर्रास दिलं जात होतं. त्याची नीट चाचणी घेतली, तेव्हा साध्या वेदनाशामकापेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही.

आयुर्वेदाच्या बाबतीतही चोप्रांचा हाच हिशेबीपणा. सुंठ, गुळवेल, सालई गुग्गुळ यांची औषधं गुडघ्याच्या झिजेवर नेहमीच्या औषधांच्या तोडीस तोड ठरली, हा निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच निबंधात काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित घटक वाढल्याचीही नोंद आहे. आपल्याकडे पहिलं वाक्य पसरतं, दुसरं कुणी वाचत नाही.

आता आपल्या सोलापूरकडे पाहा. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, पाळीभर मागावर उभे असणारे कामगार. यांच्या मानेचं, कंबरेचं, बोटांचं दुखणं घरातच मुरतं, कारण दवाखान्यात गेलं की रोज बुडतो. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे, पद्धत तपासून तयार आहे, आणि तिला लागतात त्या दारोदार फिरणाऱ्या, तेलुगू-कन्नड-मराठी बोलणाऱ्या काही मुली. या पाहणीची सुरुवात विडी कामगारांच्या ‘विडी घरकुल’ वसाहतीपासून करावी.