मोटारीच्या क्लचची थरथर

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यांत ताम्हिणी घाटाच्या एका चढावर आमची जुनी जीप थांबवावी लागली. मागें आणखी दोन मोटारी येऊन उभ्या राहिल्या. पुन्हां निघण्यासाठीं माझ्या मुलानें क्लचवरील पाय हळूहळू उचलला मात्र, सारी गाडी हिंव भरलेल्या माणसाप्रमाणें थरथरूं लागली, आणि त्या थरथरींतच वीतभर मागें सरकली. गाडींत दोन नातवंडें होतीं. तें वीतभर अंतर मी अद्याप विसरलों नाहीं. विशेष हें कीं, याच दुखण्यासाठीं दोनच महिन्यांपूर्वी, माझ्या पेन्शनीचा बराच भाग खर्चून, तिला नवी क्लच प्लेट बसविली होती! मग चुकलें कोठें? त्याचाच उलगडा आज करावयाचा आहे.

ही जीप जुन्या विलीज घराण्यांतील. १९४१ पासून महायुद्धासाठीं विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं अशा सहा लक्षांहून अधिक गाड्या बांधल्या, आणि १९४७ नंतर महिंद्र कंपनीनें मुंबईस त्यांची जुळणी सुरू केली. म्हणूनच शेतावर, घाटांत आणि शहरांतील हौशी कुटुंबांतहि ही गाडी आपल्याकडे अजून आढळते.

प्रथम क्लच म्हणजे काय तें पाहूं. एंजिनाच्या मागें फ्लायव्हील हें जड चक्र सतत फिरत असतें. त्याच्यामागें प्रेशर प्लेट असते, आणि या दोहोंच्या मध्यें, दोन्ही अंगांना घर्षणाचें अस्तर लावलेली क्लच प्लेट. पेडल दाबलें कीं प्लेट मोकळी होते. सोडलें कीं स्प्रिंगा तिला आवळून धरतात आणि एंजिनाची शक्ति गिअरबॉक्सकडे जाते. गाडी उभी असतांना एक अंग फिरतें, दुसरें स्थिर असतें. त्यामुळें निघतांना क्षण दोन क्षण प्लेट घसरत घसरतच पकड घेते. ही पकड एकसारखी वाढली तर गाडी अलगद निघते. पकड बसली, सुटली, पुन्हां बसली, असें झालें तर ती थरथरते.

माझ्या शाळेंतील दाखला देतों. खडू फळ्यावर ओढतांना कधीं कधीं रेघ न उमटतां टिंबांची ओळ उमटते. दोष खडूचा असेल, फळ्याचा असेल. पण बहुधा खडू बोटांत सैल धरलेला असतो. नुसता खडू बदलून टिंबें थांबत नाहींत. क्लच प्लेट हा खडू समजा. फ्लायव्हील हा फळा. आणि एंजिन, गिअरबॉक्स व चाकें यांना जागीं धरणाऱ्या बैठका हीं बोटें होत.

आतां परीक्षा. पहिला प्रश्न, हीच व्याधि आहे ना? थरथर फक्त निघतांना, पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्यें येत असेल तर ती क्लचची. भरवेगांत येणाऱ्या कंपाचें मूळ अन्यत्र शोधावें. एंजिन जोरानें फिरूनहि गाडी वेग घेत नसेल तर क्लच घसरत आहे. तो रोग निराळा. उभ्या गाडींत एंजिनच ठेके चुकवीत असेल तर प्लग व कार्ब्युरेटर आधीं पाहावे.

दुसरा प्रश्न, थरथर केव्हां येते? पावसाळ्यांत गाडी कांहीं दिवस उभी राहिली कीं दमटपणानें फ्लायव्हीलवर किंचित् गंज चढतो. अशी थरथर दहापांच वेळां निघाल्यावर पुष्कळदां आपोआप जाते. तिच्यासाठीं खर्च करूं नये. उलट, गाडी तापल्यावर थरथर वाढत असेल तर अस्तरावर तेल आलें असावें, किंवा तें जळून काचेसारखें गुळगुळीत झालें असावें.

तिसरा प्रश्न, तेल गळतें काय? क्लचच्या कवचास खालीं एक लहान भोंक असतें. तेथें बोट लावून पाहावें. पातळ काळें तेल असेल तर एंजिनाच्या मागील बेअरिंगचें सील गेलें. दाट व गंधकासारख्या उग्र वासाचें असेल तर तें गिअरबॉक्सचें. हें मूळ बंद केल्याविना नवी प्लेट बसविणें म्हणजे गळक्या छपराखालीं नवी गादी घालण्यासारखें आहे.

चौथी परीक्षा बैठकांची. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना दगड लावावे, हातब्रेक ओढावा, पायब्रेक दाबावा, पहिल्या गिअरमध्यें क्लच केवळ पकड घेईपर्यंत सोडून लगेच पुन्हां दाबावा. दुसऱ्यानें बाजूस उभें राहून एंजिन पाहावें. गाडीच्या पुढें वा मागें कोणीहि उभें राहूं नये. एंजिन उसळी मारीत असेल तर बैठकीचें रबर कुजलें आहे. त्याचबरोबर कमानींचे यू-बोल्ट व प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस सैल नाहींत ना, हेंहि पाहावें.

जुन्या विलीज जीपमध्यें आणखी एक वस्तु असते: एंजिनाच्या मागील भागापासून चौकटीच्या आडव्या पट्टीपर्यंत बांधलेला तारेचा दोर, म्हणजे स्टे-केबल. तिचें काम एंजिनास पुढें सरकूं न देणें. पेडलाच्या दांड्या एकीकडे चौकटीस व दुसरीकडे गिअरबॉक्सकडे टेकलेल्या असल्यामुळें, एंजिन हाललें कीं पाय स्थिर असूनहि क्लच कमीअधिक दाबला जातो. पकड बसली कीं एंजिन हालतें, एंजिन हाललें कीं पकड बदलते. या फेऱ्यांतूनच थरथर उपजते. ही केबल सैल नसावी. तशीच एंजिनास मागें ओढून धरील इतकी ताठहि नसावी.

हें सर्व ठीक असेल तरच गिअरबॉक्स उतरवावा. मग मात्र प्लेटबरोबर फ्लायव्हीलवरील जळके डाग, प्रेशर प्लेटच्या बोटांची समान उंची, प्लेटच्या मध्यावरील स्प्रिंगा आणि शाफ्टच्या टोकाचें बुश, सारें एकाच वेळीं तपासून घ्यावें. एक सूचना जीवाची: जुन्या अस्तरांत अस्बेस्टॉस असूं शकतें व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे, ती हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

त्या दिवशीं घाटांत मागील चाकांस दगड लावले आणि चारहि चाकांचा लो गिअर घातला. त्यांत चाकांना सुमारे दुप्पट जोर मिळतो व क्लचवरील भार हलका होतो. गाडी निमूटपणें निघाली. परंतु हा उतारा झाला, उपाय नव्हे. घरीं परतल्यावर पाहतों तों बैठकीचें रबर तेलानें फुगून चिरलेलें, आणि स्टे-केबल जागेवर नाहींच! प्लेट बदलतांना ती काढली गेली असावी व परत बांधावयाची राहिली असावी. दोन रबरें व एक तार यांचा खर्च नव्या प्लेटच्या खर्चापुढें अगदींच किरकोळ होता. त्यानंतर तीच प्लेट, तीच गाडी, तोच घाट. पण थरथर नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, मिस्त्रीनें "प्लेट गेली" असें म्हटलें कीं त्यास नम्रपणें एवढेंच विचारा, "कशानें गेली?" या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत खिशांत हात घालूं नका, आणि मुलाबाळांना घेऊन घाट चढूं नका.