कुंडीतील झाडांवरील काळी चिलटे व त्यांचा बंदोबस्त

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापूर शहरातील घरांची दारे-खिडक्या दिवसचे दिवस मिटलेली राहतात. सज्जातील व गच्चीवरील नाजूक झाडांच्या कुंड्या आत घेतल्या जातात. गगनबावड्याकडून येणारी रिपरिप थांबत नाही, हवा दमट राहते, आणि कुंडीतील माती वाळण्याचे नाव घेत नाही. अशा वेळी खिडकीच्या काचेवर, दिव्याभोवती व चहाच्या कपावर बारीक काळी चिलटे घिरट्या घालू लागतात. कुंडीला धक्का लागताच मातीतून चिलटांचा लहानसा थवा उठतो. या चिलटांविषयी प्रत्येक पावसाळ्यात विचारणा होत असते. त्यांची माहिती व बंदोबस्ताचे सोपे उपाय येथे देत आहोत.

एका पावसाळ्यात राजारामपुरी भागातील एक गृहस्थ या कामी कार्यालयात आले होते. त्यांच्या दिवाणखान्यात सात कुंड्या होत्या. डास मारण्याचा फवारा त्यांनी दोनदा मारला होता. चिलटे दोन दिवस नाहीशी होत आणि पुन्हा येत. गावाकडील उसाच्या शेतासाठी पूर्वी आणलेल्या थिमेटची अर्धी पिशवी घरी शिल्लक होती. त्यातील चिमूटभर दाणे प्रत्येक कुंडीत टाकावेत काय, असा त्यांचा प्रश्न होता. घरात दोन वर्षांचा नातू होता, आणि कुंडीतील माती उकरणे हा त्याचा आवडता खेळ होता. हा प्रश्न त्यांनी आधी विचारला हे चांगलेच झाले. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

किडीची ओळख

ही चिलटे म्हणजे बुरशीवर जगणाऱ्या माश्यांची एक जात होय. शास्त्रीय भाषेत हिला सियारिड माशी म्हणतात. पूर्ण वाढलेली माशी २ ते ३ मिलिमीटर लांब, काळसर, लांब पायांची व डासासारख्या नाजूक बांध्याची असते. तिला फार उडता येत नाही. ती बहुधा मातीच्या पृष्ठभागावर धावते किंवा कुंडीजवळच घुटमळते. ती चावत नाही व माणसास कोणताही रोग देत नाही.

स्वयंपाकघरात पिकलेल्या केळ्यांवर बसणारी चिलटे निराळी. ती तपकिरी रंगाची, जाडसर व बहुधा लाल डोळ्यांची असतात. त्यांचा कुंडीशी संबंध नसतो. म्हणून उपाय करण्यापूर्वी चिलटे कोठून उठतात हे पाहावे. फळांच्या टोपलीवरून उठत असतील तर टोपली स्वच्छ करावी. मातीतून उठत असतील तरच पुढील उपाय उपयोगी पडतील.

जीवनक्रम

मादी ओलसर मातीच्या भेगांत व कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात शंभर ते दोनशे अंडी घालते. सुमारे तीन-चार दिवसांत अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. अळी पायविरहित, पारदर्शक पांढरी व चकचकीत काळ्या डोक्याची असून पूर्ण वाढल्यावर ५ ते ६ मिलिमीटर लांब होते. ती मातीच्या वरच्या ५ ते ८ सेंटिमीटर थरात राहते व सुमारे दोन आठवडे खात राहते. त्यानंतर मातीतच कोष होऊन चार-पाच दिवसांत माशी बाहेर येते. माशीचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे असते.

एकंदरीत अंड्यापासून माशी होईपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. उष्ण हवेत त्याहून कमी. कोणत्याही वेळी कुंडीत अंडी, अळ्या व कोष एकाच वेळी असतात. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हवेत मारलेला फवारा केवळ उडणाऱ्या माश्या मारतो. मातीतील पुढची पिढी सुरक्षित राहते. गृहस्थांचा फवारा दोनदा फुकट गेला तो याच कारणाने.

नुकसानीचा प्रकार

अळीचे मुख्य खाद्य म्हणजे मातीतील बुरशी, शेवाळ व कुजणारे सेंद्रिय पदार्थ. मोठ्या, जोमदार झाडास थोड्या अळ्यांनी विशेष अपाय होत नाही. परंतु अळ्यांची संख्या वाढली की त्या कोवळी मुळे व मुळांवरील केसतंतू कुरतडतात. झाड मलूल दिसते, खालची पाने पिवळी पडतात, वाढ थांबते. माती ओली असूनही झाड सुकलेले पाहून घरची मंडळी आणखी पाणी घालतात, आणि त्यामुळे किडीस अधिकच अनुकूल परिस्थिती मिळते.

खरी हानी होते ती रोपे व कलमे यांची. अळ्यांनी केलेल्या जखमांतून रोप कोलमडण्याच्या रोगाची बुरशी शिरते, आणि अळ्या व माश्या या बुरशीचे बीज एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेतात. शिरोळ, हातकणंगले व कागल या तालुक्यांत ट्रेमध्ये नारळाच्या भुश्यावर भाजीपाल्याची व उसाची रोपे तयार करण्याचा व्यवसाय चालतो. अशा रोपवाटिकेच्या मालकांनी या किडीस क्षुल्लक मानू नये. अळिंबीची लागवड करणाऱ्यांनाही ही माशी उपद्रव देते. तेथे अळ्या प्रत्यक्ष अळिंबीच पोखरतात.

किडीची वाढ होण्याची कारणे

चिलटे बाहेरून आली तरी ती टिकतात ओलाव्यामुळे. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी घालण्याची लागलेली सवय पावसाळ्यातही चालू राहते. आपल्याकडे स्नानानंतर तुळशीस पाणी घालण्याची रीत आहे. त्याच तांब्यातील उरलेले पाणी घरातील इतर कुंड्यांस घालण्याचा परिपाठ अनेक घरांत दिसतो. तुळशीस पावसाळ्यात पळीभर पाणी वाहिल्याने रीतही पाळली जाते व मुळेही कुजत नाहीत. इतर कुंड्यांस मात्र रोजच्या पाण्याची गरज नसते.

दुसरे कारण कुंडीत भरलेले मिश्रण. अर्धवट कुजलेले शेणखत, कच्चे प्रेसमड खत किंवा पालापाचोळा यांत बुरशी भरपूर वाढते व माशीस अंडी घालण्यास उत्तम जागा मिळते. तिसरे कारण म्हणजे कुंडीखालील ताटलीत साचून राहिलेले पाणी. उपरोक्त गृहस्थांच्या घरी सातही ताटल्या भरलेल्या होत्या व चार कुंड्यांतील मातीवर हिरवे शेवाळ धरले होते.

बंदोबस्ताचे उपाय

१. पाणी आवरणे. हा मुख्य उपाय होय. इतर सर्व उपाय त्यास पूरक आहेत. मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर पूर्ण वाळल्याखेरीज पाणी घालू नये. बोट मातीत पहिल्या दोन पेरांपर्यंत घालून पाहावे. ओल लागल्यास त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणे हीही चांगली रीत आहे. वरचा थर वाळला की तेथील अंडी व अळ्या मरतात आणि माशीस अंडी घालण्याजोगी जागा उरत नाही. मनीप्लँट, कोरफड व स्नेक प्लँट यांस असा ताण सहज सोसतो. नेच्यासारख्या ओलावाप्रिय झाडांस ताटलीतून खालून पाणी द्यावे व अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाकावे.

२. स्वच्छता व निचरा. गळलेली पाने व मातीवरील शेवाळ काढून टाकावे. कुंडीच्या तळाचे छिद्र बुजले असल्यास मोकळे करावे व झाड बदलताना त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. मातीवर सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा जाड, धुतलेल्या वाळूचा थर पसरावा. वाळू लवकर वाळते, त्यामुळे माशी तेथे अंडी घालीत नाही.

३. पिवळे चिकट सापळे. माशीस पिवळ्या रंगाचे आकर्षण असते. पिवळ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यास दोन्ही बाजूंनी एरंडेल तेल किंवा ग्रीस लावून तो काडीच्या आधाराने मातीलगत उभा करावा. सापळ्याने कीड समूळ जात नाही. परंतु माश्या कमी होतात, आणि दर आठवड्यास चिकटलेल्या माश्या मोजल्या असता उपाय लागू पडतो आहे किंवा नाही हे कळते.

४. बटाट्याची परीक्षा. कच्च्या बटाट्याची चकती कापून मातीवर दाबून ठेवावी व दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असल्यास त्या चकतीखाली जमतात. चकती अळ्यांसह उचलून नष्ट करावी. कोणत्या कुंडीत कीड आहे हे या रीतीने निश्चित कळते.

५. निंबोळी अर्क. एवढ्याने भागले नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी व एक लिटर द्रावण करावे. वरची माती वाळल्यानंतर नेहमीच्या पाण्याऐवजी हे द्रावण मातीत घालावे. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा द्यावे.

६. जिवाणूजन्य कीटकनाशक. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात एका जिवाणूचा शोध लागला. तो डासांच्या व या माशीच्या अळ्यांस मारतो. माणसास व पाळीव जनावरांस अपाय करीत नाही. त्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस म्हणतात. पिकावरील पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी मिळणारा याच जिवाणूचा दुसरा प्रकार येथे उपयोगी पडत नाही, म्हणून नाव नीट वाचून घ्यावे व वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच वापर करावा.

कोणताही उपाय किमान चार आठवडे चालू ठेवावा. पहिल्या आठवड्यात माश्या दिसतच राहतील. त्या पूर्वीच्या कोषांतून निघालेल्या असतात. यास्तव निराश होऊन पुन्हा फवाऱ्याकडे वळू नये.

रोपवाटिकेसाठी विशेष सूचना

ट्रे जमिनीवर न ठेवता मांडवावर ठेवावेत. पाणी सायंकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपूर्वी वरचा थर सुकेल. मांडवाखालील शेवाळ, साचलेले पाणी व टाकाऊ रोपे दर आठवड्यास काढावीत. कुंडी वा वाफ्यासाठी लागणारे माती-खताचे मिश्रण एप्रिल-मे महिन्यांत ओले करून पातळ थरात पसरावे व पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकून उन्हात तापवावे. कोल्हापूरकडील उन्हाचा हा फुकट मिळणारा लाभ घेतल्यास अळ्या, कोष व बुरशी बऱ्याच अंशी नष्ट होतात.

घरात विषारी औषधे नकोत

थिमेट म्हणजे फोरेट हे अत्यंत जहाल विष आहे. पूर्वी गुलाबाच्या व इतर कुंड्यांतही त्याचे दाणे टाकण्याची पद्धत होती. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट व डायक्लोरव्हॉस या दोहोंवर देशात बंदी आहे. तथापि जुन्या पिशव्या व बाटल्या अद्याप काही घरांच्या माळ्यावर पडून असतात. हे विष श्वासावाटे व कातडीवाटेही शरीरात जाते. बंद खोलीत, मुलांच्या हाताशी असलेल्या कुंडीत ते टाकणे म्हणजे चिलटांपेक्षा शतपटीने मोठे संकट घरात आणणे होय. घाम, लाळ, ओकारी, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, श्वास कोंडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसताच रोग्यास औषधाच्या वेष्टनासह विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शिल्लक औषध गटारात, ओढ्यात किंवा पंचगंगेत टाकू नये. ते मुलांपासून दूर कुलपात ठेवून कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

राजारामपुरीतील त्या घरी कोणतेही औषध वापरले गेले नाही. ताटल्या रिकाम्या केल्या, शेवाळ खरवडून वाळू पसरली, नऊ दिवस पाणी बंद ठेवले व सात पिवळे पुठ्ठे लावले. पाचव्या आठवड्यात पुठ्ठ्यांवर दोन-तीनच माश्या आढळल्या. एक झाड मुळे आधीच कुजल्यामुळे गेले. बाकीची सहा सावरली.

तात्पर्य, चिलट हे रोगाचे मूळ नसून कुंडीत पाणी जास्त झाल्याची खूण आहे. ही खूण वेळीच ओळखून हात आखडता घेतल्यास झाडेही वाचतात आणि घरात विष आणण्याचा प्रसंगही टळतो. कीड आटोक्यात न आल्यास अळ्या असलेली थोडी माती झाकणाच्या डबीत घेऊन नजीकच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा.